सासूबाईंच्या खिडकीतला कूलर

नाही, पण मला एक सांगा, माणसानं करायचं तरी किती? स्वतःच्या हातानं, हो, या हातानं, बोटाला पट्टी दिसतेय ना, पत्रा कापताना लागलं, तर या हातानं अख्खा कूलर बनवायचा, तोही कुणासाठी, तर सासूसाठी. आता जावयानं सासूसाठी कूलर बनवल्याचं तुमच्यापैकी कुणाच्या ऐकिवात आहे का? विकत आणून देणारे असतील, त्यांचं मला कौतुक नाही. दुकानात जायचं, बोट दाखवायचं, टेम्पोत टाकून आणायचं, त्यात काय मोठंसं? पण बनवणारा? आणि एवढं करून पदरात काय पडलं, तर... जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं, सांगतोच. पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला सांगतो, मी तसा कमी बोलणारा माणूस, मुद्द्याचं तेवढंच बोलतो, पण हे पोटात ठेवून चालणार नाही.

तर मी शाळेत विज्ञान शिकवतो. बायको ऑफिसात जाते, मुलगा नोकरीसाठी लांब, आणि सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांची खोली म्हणजे मधली, छोटीशी. एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची आणि एक खिडकी, बस. बाई स्वभावानं इतकी शांत की घरात आहे की नाही ते कळू नये. संध्याकाळी आमची ही ऑफिसातून आली की मायलेकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाजी निवडत बसतात. एक अक्षर बोलत नाहीत हो. नुसत्या बसतात. मग मलाच वाईट वाटतं, बिचाऱ्या कंटाळत असतील, म्हणून मी जाऊन बसतो आणि चार गोष्टी सांगतो.

पण दरवर्षी काय होतं, उन्हाळा आला, शाळेला सुट्टी लागली, मी घरी बसलो, की सासूबाईंची कपाटावरची बॅग खाली येते. चालल्या मुलाकडे. का? तर "उकाडा सोसवत नाही हो. त्याच्याकडे एसी आहे." आता उकाड्यापुढे मी काय बोलणार? जातात. आणि माझ्या सुट्टीत माझं घर मला खायला उठतं. ही ऑफिसात, त्या तिकडे, आणि मी इथं. सकाळपासून शंभर गोष्टी डोक्यात येतात आणि सांगायला समोर भिंत. तुम्ही कधी भिंतीला बाष्पीभवन समजावून सांगितलंय का? मी सांगितलंय.

यंदा मात्र प्रकरण वेगळं होतं. मेहुण्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, आईला सारखी ये-जा करायला लावण्यात अर्थ नाही. आता आली की इथंच राहू दे तिला. कायमची." झालं. आमच्या हिनं फोन खाली ठेवला आणि धुतलेले टॉवेल घड्या करायला घेतले. एकाच टॉवेलची घडी करतेय, मोडतेय, परत करतेय. रडली वगैरे नाही. फक्त म्हणाली, "या वेळी आई गेली की परत येणार नाही." मला धसकाच बसला. हिच्यासाठी बसलाच, पण खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही बसला. आमच्या घरात माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस आहे.

मग मी ठरवलं. साधं शास्त्र आहे. सासूबाई जातात कशामुळे? उकाड्यामुळे. उकाडा काढून टाका, सासूबाई राहतील. कारण गेलं की परिणाम गेला, हे मी वर्गात फळ्यावर लिहून देतो. एसी बसवायचा प्रश्नच नव्हता, रात्रंदिवस एसी लावला की त्यांचे गुडघे धरतात. मग मुलाकडे कसे धरत नाहीत, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता, पण पडला नाही. आणि तयार कूलर बघायला गेलो तर एकेक कूलर कपाटाएवढा. तो खोलीत ठेवला असता तर सासूबाईंना व्हरांड्यात बसावं लागलं असतं. म्हटलं, छोटा बनवू. इतकी वर्षं पोरांना शिकवतोय की पाण्याची वाफ होताना भोवतालची उष्णता ओढून घेतली जाते, एकदा करून तर बघू.

भाजीवाल्याकडे असतो तसा जाळीजाळीचा प्लॅस्टिकचा क्रेट घेतला. तीन बाजूंना आतून कूलरचं गवत तारेनं बांधलं. खाली पसरट टब, टबात माशांच्या टाकीत असतो तसला छोटा पंप, पंपाला नळी, नळीला भोकं, ती वरून फिरवलेली, म्हणजे पाणी गवतावरून झिरपत खाली येणार. चौथ्या बाजूला पंखा. पंखा आतली हवा खोलीत फेकणार, त्याच्या जागी बाहेरची गरम हवा ओल्या गवतातून आत येणार आणि येता येता गार होणार. किती सुंदर आहे बघा. म्हणजे चित्रात.

पंख्यासाठी गेलो वाइंडिंगवाल्याकडे. आमच्या कोपऱ्यावर मोटारी दुरुस्त करतो तो. माणूस चांगला आहे, पण त्याचं एक मला कळत नाही, मी दुकानात पाय ठेवला की त्याला नेमकं ग्राइंडर चालवायचं काम निघतं. मी आपला सांगतोय, "हे बघ, मला जुना एक्झॉस्ट फॅन पाहिजे, का पाहिजे ते सांगतो, हवेतल्या बाष्पाचं..." की घर्रर्र. थांबतो. मी परत सुरू करतो, "तर बाष्पाचं असं असतं..." की परत घर्रर्र. शेवटी त्यानं कुठल्याशा हॉटेलच्या स्वयंपाकघरातून काढलेला एक तेलकट फॅन माझ्या हातात दिला आणि दारापर्यंत सोडायला आला. दारापर्यंत. किती अदब आहे बघा. तुम्हाला सांगतो, मी तसा कमी बोलणारा माणूस, पण कामाच्या ठिकाणी दोन शब्द बोलल्याशिवाय काम होतं का?

पहिली चाचणी फसली. का फसली ते सांगायला मला लाज वाटते, कारण तोच प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालतो. कूलर मी खोलीच्या मधोमध ठेवला आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडकी गच्च लावून घेतली. आता बाहेरची कोरडी हवाच आत येणार नाही तर पाणी उडणार कुठे? तीच हवा गोल गोल फिरतेय आणि दर फेरीला आणखी ओली होतेय. थोड्या वेळानं दार उघडून बघतो तर खोलीची न्हाणी झालेली. कपाटाचं दार फुगलंय, वर्तमानपत्र सासूबाईंच्या हातात फडक्यासारखं लोंबतंय, आणि त्या घामानं डबडबलेल्या. मला म्हणतात काय, "छान आहे हो. फार कष्ट घेतलेत." ही माणसं अशी. जावयाला वाईट वाटेल असं तोंडातून काढणार नाहीत. मरतील, पण काढणार नाहीत. हे वाक्य लक्षात असू द्या.

मग खिडकी उघडली, क्रेट चौकटीत बसवला, गवताच्या बाजू बाहेर, पंखा आत, आणि उरलेल्या फटीला पत्रा कापून ठोकला. अर्थिंग दोनदा तपासलं, पाणी आणि वीज शेजारी शेजारी नांदतायत म्हटल्यावर हयगय नको. आणि बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला, गार. खरंच गार. पण आवाज! पंखा घुमतोय, क्रेट थरथरतोय, पत्रा ताशासारखा वाजतोय, टबातला पंप गुळण्या करतोय, आणि या सगळ्याचा मिळून असा आवाज की घरात ट्रक शिरलाय. मी ओरडून म्हटलं, "आई, आवाज फार येतोय, कमी करतो." त्या म्हणाल्या, "आँ?" मी परत ओरडलो. त्या परत "आँ?" मग हातानं खूण केली, राहू दे, राहू दे. आणि पलंगावर मागे टेकून डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान, की मी इतकी वर्षं त्यांचा जावई आहे, पण ते समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि राहिल्या हो. सुट्टी लागली, मी घरी बसलो, बॅग कपाटावरून हलली नाही. मेहुण्याचा फोन आला तर म्हणाल्या, "नाही रे, यंदा नाही येत. जावयांनी कूलर केलाय. फार छान झोप लागते." आमची ही संध्याकाळी भाजी निवडताना माझ्याकडे बघून हसली. हसली म्हणजे मनापासून. मी तर हवेतच.

पण माझं मन कसलं स्वस्थ बसतंय. रोज दुपारी मी सासूबाईंच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचो, त्यांना सोबत म्हणून. मी बोलायचो, त्या माना डोलवायच्या. पण माना डोलवण्यात काहीतरी गडबड होती. एकदा मी त्यांना सांगितलं की आमचे जुने हेडमास्तर गेले, शेवटी फार हाल झाले त्यांचे. तर त्या हसून म्हणाल्या, "वा वा, छान झालं." मी चमकलो. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, अरे, यांना माझं काही ऐकूच जात नाहीये. या मेल्या आवाजात बिचारीला एक शब्द कळत नाही. दिवसच्या दिवस ही बाई माझ्या बोलण्याला मुकतेय, आणि भिडस्त इतकी की तक्रार नाही. मला इतकं अपराधी वाटलं... म्हणजे तुम्हीच बघा, तुम्हाला सांगतो, मी तसा कमी बोलणारा माणूस, पण जे काही थोडंथोडकं बोलतो ते तरी समोरच्याच्या कानावर पडायला नको का?

लागलो कामाला. सायकलची जुनी ट्यूब कापून प्रत्येक स्क्रूखाली रबर घातलं. पत्र्याच्या कडेला रबर, क्रेटखाली फोम. पंखा एका बाजूला जड होता, त्याच्या हलक्या पात्याला चिकटपट्टीचे तुकडे लावून लावून तोल साधला. पंप टबाला टेकत होता, त्याला उशी केली. आणि बटण दाबलं तर आवाज नाही. म्हणजे झुळूक तेवढी येतेय, मंद, गार, आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. सासूबाई दचकून म्हणाल्या, "वीज गेली का?" म्हटलं, "नाही आई, आवाज घालवला. आता आपल्याला बोलता येईल." त्यांनी एकदा कूलरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, भरून आलं असेल.

त्या दुपारी मी बोललो. आवाज कसा घालवला ते सांगितलं. आवाज म्हणजे मुळात काय, ते सांगितलं. कंप कसे पसरतात, वटवाघळाला कसं ऐकू येतं, मग वटवाघूळ पक्षी का नाही, मग आमच्या शाळेच्या गच्चीत वटवाघळं कशी शिरली आणि शिपायानं ती कशी हाकलली, मग त्या शिपायाच्या मुलीचं लग्न कसं जमलं... ही ऑफिसातून आली तेव्हा मी लग्नातल्या मांडवापर्यंत पोचलो होतो. सासूबाई सगळं ऐकत होत्या. या वेळी माना बरोबर जागच्या जागी डोलत होत्या. मी तृप्त झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत गेलो तर पलंगावर बॅग. उघडी. कपडे भरणं चाललंय. मी म्हटलं, "आई, हे काय?" तर म्हणाल्या, "जाऊन येते म्हणते मुलाकडे. उकाडा सोसवत नाही हो." अहो, अंगावर शाल होती त्यांच्या. शाल! कूलरच्या वाऱ्यानं गार पडल्या होत्या म्हणून शाल गुंडाळून बसलेली बाई मला सांगतेय उकाडा सोसवत नाही. मी शालीकडे बघितलं, त्यांनीही शालीकडे बघितलं, आणि ती काढून बॅगेत भरली.

मी तडक स्वयंपाकघरात. हिला म्हटलं, "तुझ्या आईची तब्येत बरी नाही. थंडीत उकडतंय त्यांना. डॉक्टरला दाखवूया." हिनं गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, आई उकाड्यामुळे जात नाही."

"मग?"

"थंडीच्या सुट्टीत पण जाते ना ती? तेव्हा कुठे असतो उकाडा?"

"तेव्हा त्यांना थंडी सोसवत नाही."

"आणि तुम्ही पेपर तपासायला घरी असता तेव्हा?"

"तेव्हा त्यांना नातवंडांची आठवण येते."

हिनं ओट्यावरचं पातेलं झाकलं. मग अगदी हळू, म्हणजे भांडताना बोलते तशी नाही, दुखऱ्या जागी मलम लावताना बोलते तशी म्हणाली, "आई उन्हाळ्यात जात नाही हो. तुमच्या सुट्टीत जाते."

तुम्हाला सांगतो... तुम्हाला सांगतो, मी तसा... मी काही बोललोच नाही. पहिल्यांदाच. खुर्चीवर बसलो. ही सांगत होती. म्हणाली, आईचा जीव आहे हो तुमच्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, जावई माणूस सोन्यासारखा आहे, फक्त त्यांना बंद करायचं बटण नाही. म्हणाली, बाबा कमी बोलायचे, त्यांच्या घरात दुपारी घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, आईला तीच सवय. त्या कूलरच्या घरघरीत तिला तिची दुपार सापडली होती. एवढा आवाज, पण तिला त्यात स्वस्थ बसता येत होतं, कारण त्यातलं एक अक्षर तिला समजून घ्यावं लागत नव्हतं. आणि तुम्ही तिची ती दुपार रबर लावून बुजवलीत.

वाईट वाटलं. वाटणारच ना. इतकी वर्षं मला वाटायचं, वर्गात मुलं माझं मन लावून ऐकतात. आता कळलं, वर्गातून मुलांना उठून जाता येत नाही, त्याला मी लक्ष देणं समजत होतो. सासूबाईंना उठून जाता येत होतं, म्हणून त्या गेल्या. पण त्यातही बाईचा मोठेपणा बघा, "जरा गप्प बसता का" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण लेकीच्या घरी राहायचं आणि जावयाला गप्प बसा म्हणायचं, हे त्यांच्याच्यानं होईना. त्यापेक्षा त्यांनी दरवर्षी बॅग भरली, प्रवास केला, दुसऱ्याच्या एसीत गुडघे धरून बसल्या, आणि दोष सगळा उन्हाला दिला. माझ्यावर येऊ दिला नाही. आणि यंदा तर कायमच्या निघाल्या होत्या, लेकीला सोडून, तरी माझं नाव नाही घेतलं. इतकं जपलेलं मला माझ्या आईनंही नव्हतं.

उठलो. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्यांच्या खोलीत गेलो. बॅगेची चेन लावत होत्या. मी म्हटलं, "आई, हे रबर बसवल्यापासून वारा अडतोय. काढून टाकावं म्हणतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. वारा काडीचा अडत नव्हता, खिडकीजवळचं कॅलेंडर फडफडत होतं.

"हो," त्या म्हणाल्या, "अडतोय खरा."

"पण मग आवाज येईल."

"येऊ दे की. आवाजाचं काय एवढं? इतकी वर्षं सवय आहे मला."

मी मान खाली घालून एकेक रबर काढत गेलो, ट्यूबचे तुकडे, फोम, पात्यावरच्या पट्ट्यासुद्धा. पत्र्याचा एक खिळा मुद्दाम थोडा सैल केला. बटण दाबलं. घर्रर्र... खडखडखड... घरात पुन्हा ट्रक शिरला. मागे वळून बघतो तर त्या बॅगेतनं शाल काढून परत अंगावर घेत होत्या. बॅग मीच उचलून कपाटावर ठेवली.

खोलीबाहेर जायला निघालो तर त्यांनी हातानं खुणावलं, बसा. खुर्ची दाखवली. आता काय करावं, बसलो. गप्प बसलो, अगदी ओठ मिटून. थोडा वेळ गेला तर त्या वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे काळजीनं बघायला लागल्या, वाकून, कपाळाला आठी घालून ओरडून म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का? बोला की काहीतरी!" म्हणजे बघा. मी बोलतोय हे त्यांना दिसायला हवं असतं, ऐकू मात्र यायला नको. मी शिपायाच्या मुलीच्या लग्नाचं राहिलेलं सुरू केलं. त्या माना डोलवू लागल्या. आणि खरं सांगू, बरं वाटलं. मेहुण्याला हिनं कळवून टाकलंय, आई इथंच राहील. कायमची.

आता आमचं रोजचं असं चाललंय. दुपारी मी बोलतो, कूलर बोलतो, आणि सासूबाई दोघांचंही ऐकत नाहीत. घरात शांतता आहे. फक्त एक अडचण आहे, माणसाला कधीतरी खरंच कुणाला तरी सांगावंसं वाटतं ना? म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावं. तुम्ही ऐकता छान. मधे बोलत नाही, चुळबुळ नाही, माना बरोबर जागच्या जागी... अहो, तुम्ही, मागे भिंतीशी बसलेले, उठलात का? निघालात? नाही? मग... पंखा? पंखा वाढवायचाय? उकडतंय म्हणता?

बरं. वाढवा. पूर्ण करा.